उपळसरीचा वास

तपासणीला कमिटी येणार म्हणून मी कॉलेजमागचं रान जेसीबी लावून साफ करून घेतलं. ते रान नव्हतं, सरांचा वर्ग होता, हे माती ट्रकमध्ये चढून गेल्यावर मला कळलं. मी रोह्याच्या कॉलेजात हेडक्लार्क. आजवर माझ्या हातून एक फाइल हरवली नाही. हरवली ती एक अख्खी टेकडी.

ते असं. जीवशास्त्राचे आमचे सर धरमतरकडचे, मिठागरावर राबलेल्या घरातले. जिते गावाजवळची एक टेकडी मुरमासाठी कापायला लागले, तेव्हा सर दर रविवारी पिशवी घेऊन जायचे आणि यंत्राच्या पुढेपुढे झाडं वाचवून आणायचे. शेवळं, कुडा, उपळसरी. कॉलेजमागे लावायचे. टेकडी संपली. "आता ती इथंच हाय, भाऊसाहेब," म्हणायचे. मी मान हलवायचो. क्लार्कची मान तशीही हलतच असते.

मुलांना ते झाडाचं नाव आधी सांगत नसत. "आधी वास, मग नाव." मुळी मोडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. मुलं हसतात आणि जन्मभर विसरत नाहीत. एकदा मी सहीला गेलो, तर माझ्याही नाकाशी उपळसरीची मुळी धरली. ती मी खिशात विसरलो. पेणला घरी आल्यावर बायकोने शर्ट धुवायला घेतला.

"हे अत्तर कुणाचं?"

"सरांचं," मी म्हणालो. ती जास्तच घाबरली. शेवटी मातकट मुळी काढून दाखवली. तिने ती हुंगली आणि नेऊन साड्यांच्या घडीत ठेवली.

यंदा सरांच्या वर्गात मुलं उरली सहा. विषय ठेवायचा की बंद करायचा, हे कमिटी ठरवणार होती. सरांकडे दाखवायला तेवढं आवारच होतं. आणि मी तिथे क्रोटनच्या भाड्याच्या कुंड्या मांडून मोकळा.

सर ओरडले नाहीत. "माती कुठे टाकली?" एवढंच विचारलं.

कासूच्या पुढे, खाडीकाठच्या खारातल्या एका शेतात, भरावाला. माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. शेताचा बांध फुटलेला, आणि दिवस उधाणाचा. खाडीचं पाणी चढलं की मुळ्या संपल्या. सर चपला काढून ढिगात शिरले. मुळी सापडली की मोडायचे, हुंगायचे. "ही नाय. ही पण नाय." मी उकरून एकेक मुळी त्यांच्या नाकाशी नेत होतो. मला सगळ्याच मुळ्यांना चिखलाचाच वास येत होता.

बांधावरून एक बाई ओरडली, "ओ मास्तर, दागिना पडलाय काय? पाणी चढतंय, वर या!"

"व्हय, पडलाय," सर म्हणाले आणि उकरत राहिले.

पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं. तेव्हा एका मुळीशी ते थांबले. डोळे मिटले, ते उघडेचनात. मी दंडाला धरून त्यांना ओढत बांधावर आणलं. मुळी त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवली. "तुमच्याकडेच लावा. आमच्या घरचं पाणी खारं."

कमिटीने 'परिसर स्वच्छ' असा शेरा दिला आणि विषय बंद केला. सर गावी निघून गेले. जाताना प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

मुळी आमच्या गॅलरीत, रंगाच्या जुन्या डब्यात. पावसाळा गेला, कोंब नाही. न राहवून फोन केला.

"वास येतो?" सरांनी विचारलं.

"मला कळत नाही, सर."

"मग एवढी वर्षं मी शिकवलं काय, भाऊसाहेब?"

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

काल मी तो डबा रिकामा करायला घेतला. बायकोने हातातून काढून घेतला. बोटाने मुळी उकरली, तिला जरासं नख लावलं, डोळे मिटून हुंगली आणि परत मातीत पुरली.

"वास आहे," ती म्हणाली. "आणि उद्यापासून पाणी मी घालीन. तुम्ही एकदा साफ केलंत, तेवढं पुरे."