कापणीच्या सणाला मोहफुलं

आमच्या ख्रिस्ती मंडळीतले मोठे पंच कशातूनही धडा काढायचे. बैलाच्या जुवातून आज्ञापालन, सुपातून न्यायाचा दिवस, चुलीतल्या राखेतून नम्रता. पोळा असो की नाताळ, त्यांच्या प्रवचनातून कुठलीच वस्तू सुटायची नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा चांद्याहून यायचे, म्हणजे बाकीचे सगळे रविवार ह्या पंचांच्याच तावडीत. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि मी तोंडाची फटकळ म्हणून गावभर नावाजलेली.

जंगलातल्या टोल्यावरची, चार झोपड्यांच्या वाडीवरची, एक गोंड बाई माझ्याकडे सरपण आणि टेंभराची फळं घेऊन यायची. नवरा वारलेला, लेक लग्न होऊन सिरोंच्याकडे गेलेली. ओट्यावर बसून चहा पिता पिता ती प्रभूच्या गोष्टी विचारू लागली, मग उपासनेला येऊन मागच्या चटईवर बसू लागली. नाताळला तिचा बाप्तिस्मा ठरला. पंचांनी तर पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, 'एक आत्मा आणलाय.' जसं काही ह्यांनीच खांद्यावर वाहून आणला!

नाताळाच्या आधी आमच्याकडे कापणीचा सण. धान घरात आलं की ज्याने त्याने आपल्या पिकातलं पहिलं आणि चांगलं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणायचं. त्या रविवारी टेबलावर धानाच्या लोंब्या, भोपळे, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, सगळं मांडलं होतं. ही बाई धुतलेलं लुगडं नेसून आली. तिच्याकडे धानाची एक बांधी, शेताचा एक तुकडासुद्धा नव्हता. तिनं आणली होती टोपलीभर वाळलेली मोहफुलं, निवडून, पानं-काड्या काढून, मनुकांसारखी स्वच्छ. उन्हाळ्यात पहाटे झाडाखालून वेचलेली आणि पावसाळाभर पोटाला चिमटा घेऊन राखलेली.

टोपलीचा वास आला तसे पंच ताडकन उठले. "हे काय आणलं? दारूचं सामान देवाच्या टेबलावर? बाहेर ठेव, बाहेर!"

त्यांनी स्वतःच टोपली उचलली आणि पायरीखाली चपलांजवळ नेऊन ठेवली. वर पवित्रतेवर चार वाक्यं बोलायलाही विसरले नाहीत!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जागेवरूनच म्हटलं, "भाऊ, तांदळाची पण दारू काढतात, मग तुमच्या लोंब्या काऊन ठेवल्या? आणि आपण प्रभुभोजनाला द्राक्षरस घेतो, द्राक्षांची दारू होत नाही का?"

"मास्तरीणबाई, देवळात वाद नको."

वाद नको म्हणे! अहो, श्रावणात कणगी रिकामी झाली की ह्या मुलखात काय शिजतं हे पंचांना ठाऊक नव्हतं? ह्यांच्या आईनं ह्यांना पावसाळ्यात काय चारलं होतं, केक? अख्खी मंडळी मोह खाऊन वाढलेली, पण एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. यजमानांनी माझा पदर ओढला. तेवढ्यात ती बाई उठली, बाहेर जाऊन टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नाताळ तोंडावर आला तशी पंचांची पाचावर धारण बसली. पाळकसाहेबांना काय दाखवणार? मला म्हणाले, "तुमचं ऐकते ती, चला सोबत." मी गेले. ह्यांच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

टोल्यापर्यंतच्या पायपिटीने पंच गळून गेले होते. तिनं खाट टाकली, पाय धुवायला पाणी दिलं आणि पानाच्या दोन्यात उकडलेले मोह वाढले. मला वाटलं, आता हा माणूस काय करतो? तो माणूस खाऊ लागला. दोना रिकामा केला आणि म्हणाला, "गोड हायेत. अजून हायेत का?" तिनं हसून पुन्हा वाढले. माझा राग जरा निवला. म्हटलं, चला, डोळे उघडले एकदाचे.

हात धुऊन पंच म्हणाले, "झालं ते झालं. नाताळले ये, बाप्तिस्मा घे."

तिचा चेहरा खुलला. "येतो ना भाऊ. मोह राखून ठेवले हायेत, घेऊन येऊ?"

"ते नको. नुसती ये."

तिनं रिकामे दोने उचलले. मग हळूच म्हणाली, "नुसती कशी येऊ भाऊ? लेकीच्या घरी जातो त बी मी रिकाम्या हातानं जात नाई. देवाच्या घरी कशी येऊ?"

पंचांनी उपरणं झटकलं आणि वाटेला लागले. मी तिचा हात घट्ट धरला, मग त्यांच्यामागे निघाले.

नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्यासाठी तिचं नाव घेतलं. कोणी उठलं नाही. त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंच गंभीर आवाजात म्हणाले, "काय करणार साहेब, त्या लोकांचं मन अजून तयार नाही."

मी उभी राहिले. यजमानांनी ओढलेला पदर सोडवून घेतला. "खोटं बोलता भाऊ! तिचं मन तयार होतं. तिच्या ओसरीवर बसून तुम्ही मागून मागून मोह खाल्ले आणि तेच मोह देवाला चालत नाहीत म्हणून तिला सांगून आलात. सांगा ना साहेबांना!"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पंचांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. पेटी वाजली आणि सगळी मंडळी उभी राहून गाऊ लागली, पाळकसाहेबसुद्धा, माझे यजमानसुद्धा. मी खाली बसले आणि गीत संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.