शेजारच्या आजोबांनी घडवलेला चेहरा

अमेरिकेत ईडन प्रेरी या गावी आमच्या शेजारी एक नॉर्वेजियन आजोबा राहायचे. चित्रकार आणि शिल्पकार. तरुणपणी बायकोपायी अमेरिकेत आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर त्यांनी आपल्या मूळ गावचा समुद्र रंगवला, चर्चसाठी लाकडात मूर्ती कोरल्या. माझी ओळख झाली तेव्हा बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांची नजर मधोमध गेली होती. कडेकडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच पुसलेलं. चित्रं सुटली. माती मात्र बोटांना दिसते, असं म्हणायचे.

त्या हिवाळ्यात त्यांनी गॅरेजमध्ये बायकोचा चेहरा घडवायला घेतला. एक दिवस मला बोलावून हातात फ्रेम दिली.

"हा तिचा लग्नाआधीचा फोटो. तू बघून सांग, मी करतो."

व्हिसामुळे मला तेव्हा नोकरी करता येत नव्हती. कुणाला तरी आपली गरज आहे, याचंच अप्रूप होतं. दर शनिवारी मी जाऊ लागले. हीटरजवळ बसूनही पाय गारठायचे. हनुवटी अजून निमुळती करा, भुवया थोड्या खाली घ्या, असं मी सांगत राहायचे आणि ते अंगठ्याने माती दाबत राहायचे.

एकदा ते थांबले. कपाळ चाचपत म्हणाले, "एवढं रुंद नव्हतं."

"फोटोत आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. "मग माझंच चुकत असेल," म्हणाले आणि माती चढवली. नाकाच्या वेळीही तसंच झालं. मी ठाम राहिले. उलट, इतकं बारकाईने बघते म्हणून मनातल्या मनात स्वतःवर खूशही होते.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी आली. गॅरेजमध्ये ती त्या चेहऱ्यासमोर उभी राहिली, मग फ्रेमकडे बघितलं, आणि मला बाहेर घेऊन आली.

"ही आई नाही," ती हळूच म्हणाली. "मावशी आहे. दोघींचे फोटो भिंतीवर शेजारी शेजारी असायचे. बाबांनी चुकून तिचा उतरवला."

त्यांच्या बोटांना बायको नीट आठवत होती. मीच ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली होती.

"आपण सांगू या त्यांना," मी म्हटलं.

"नको. पुन्हा करायची ताकद नाही आता त्यांच्यात. प्लीज."

मी ऐकलं. तिने त्या मातीच्या चेहऱ्याचा साचा करवून घेतला आणि त्यातून तयार झालेलं प्लास्टरचं शिल्प त्यांच्या पलंगाशी ठेवलं.

उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी सूप घेऊन गेले, तर ते त्या कपाळावरून हात फिरवत पडले होते.

"तू नसतीस," ते म्हणाले, "तर मी तिला चुकीची केली असती."

"सूप गार होतंय," एवढंच मी म्हटलं आणि त्यांना उठून बसायला हात दिला.

त्याच आठवड्यात ते गेले. मुलीने ते शिल्प मावशीच्या मुलांकडे पाठवलं. त्यांनी बघताक्षणी ओळखलं म्हणे.