कचरू जॉबरचं झाड

कौसल्याच्या पायवाटेवर थुंकायची कुणाची टाप नव्हती. पोलोग्राउंडच्या मागे, बंद मिलच्या फाटकापासून चाळीपर्यंत जाणारी ती वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेलं मोकळं मैदान. वाट काही तिच्या बापाची नव्हती. पण कुणी गुटख्याची पुडी टाकली रे टाकली, की ही झाडू घेऊन मागे. "क्यों भिया, आपल्या आईच्या ओट्यावर टाकतोस का असं? उचल!" महूच्या पलटणीतल्या हवालदाराची लेक, आवाजच तसा. शाळेत आयाची नोकरी. शाळा सुटली की घरी जायच्या आधी वाटेवर.

एके काळी पाळी सुटली की ह्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसायची. मग मिल बंद पडली, भोंगा मुका झाला, आणि माणसं जायला लागली. कुणी दारूनं गेला, कुणी छातीच्या दुखण्यानं, एकानं तर रूळ जवळ केले. पहिला गेला संताजी. होळकरांच्या फौजेतल्या शिपायाच्या घराण्यातला, मोठा मानी गडी. तेरावा झाल्यावर त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, वाटेच्या कडेला निंबाचं रोप लावलं आणि त्याला मिलच्या लठ्ठ्याची, जाड कापडाची, पट्टी बांधली. "जन्मभर ह्याच वाटेनं गेले, आता इथंच उभे राहा म्हणावं!" झालं, पायंडाच पडला. हिंदू असो की बौद्ध, जो गेला त्याचं झाड वाटेला. पाणी घालताना नाव घ्यायचं. "संताजी, पाणी." नाव घेतलं नाही तर झाड धरत नाही, असं द्वारकाबाई म्हणायची. कौसल्या हसून म्हणायची, "आमच्यात भूतबित मानत नाहीत हो." पण नाव मात्र न चुकता घ्यायची.

तिच्या नवऱ्याचंही झाड तिथंच होतं. कचरू, साचेखात्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. मिल बंद झाल्यावर सुरतेला मागांवर कामाला गेला. मग तिकडे प्लेगची साथ आली, लोक मिळेल त्या गाडीनं पळाले. चाळीतला एकजण परत आला, त्यानं सांगितलं, कचरूच्या खोलीतलं कुणीच उरलं नाही. कौसल्यानं पुष्कळ वाट पाहिली. शेवटी वस्तीनं जलदान विधी केला आणि तिनं रोप लावलं. जिवंत नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. "अहो" आणि "मालक" ह्यातच संसार झाला. आता रोज भर दुपारी मोठ्यानं म्हणायची, "कचरू जॉबर, पाणी." पहिल्या दिवशी जीभ अडखळली होती. नंतर सवय झाली. सवय कशाचीही होते, मेलं.

ह्या झाडांनीच मैदान राखलं. शहर वाढलं, तसा जमिनीला सोन्याचा भाव आला होता. एका ठेकेदारानं तिथं फ्लॅट बांधायचे म्हणून मशीन आणून उभं केलं. पण मजुरांनी पट्ट्या पाहिल्या, नावं ऐकली, आणि झाडाला हात लावेनात. "ये मरे हुओं के पेड़ हैं." मग वस्तीतल्या धम्मपालनं महापालिकेत अर्ज-विनंत्या केल्या. युनियनचा जुना माणूस तो, चपला झिजवण्यात तरबेज. वरचे साहेब अखेर म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. खरोखरच मेलेल्या कामगारांची आठवण म्हणून लावलेली झाडं असतील, तर वाट आणि मैदान नकाशावर राखीव करून टाकतो. खोटं निघालं, तर ठेकेदाराला अडवणार नाही. साहेब सोमवारी येणार होते.

त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, ऊन नुसतं भाजत होतं, पान हलत नव्हतं. कौसल्यानं कळशी वाकवली आणि नेहमीसारखी म्हणाली, "कचरू जॉबर, पाणी."

मागून आवाज आला, "आण."

कळशी हातातून सुटली. मागे वळायला तिला किती वेळ लागला, कुणास ठाऊक. वळली तेव्हा झाडाच्या सावलीत तो उभा होता. गालफडं बसलेली, दाढी पांढरी, पण तोच. पायात चपला नव्हत्या. "तहान लागली गं," तो म्हणाला. "सांडलंस ना सगळं."

आधी ती रडली, मग तिनं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. कुठे होतात? तर साथीत मरता मरता वाचला, मग भिवंडी, मग आणखी कुठे कुठे. "हात हलवत कसा येऊ? काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाला. तिनं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. गार होता. अशा उन्हात गार! घाम असेल, असं तिनं मनाला समजावलं.

धम्मपालला सांगितलं, तर तो मटकन खालीच बसला. "बाई, एक जिवंत निघाला, तर ठेकेदार म्हणेल सगळेच जिवंत आहेत. सोमवारपर्यंत ह्यांना दाबून ठेवा. साहेबांचं काम झालं की बँड लावून घरी नेऊ." कचरू हसला. म्हणाला, इतके दिवस मेलो, आणखी थोडे दिवस मरतो, त्यात काय! आणि फाटकाजवळच्या बिनदाराच्या खोलीत जाऊन राहिला.

कौसल्या दुपारी भाकरी घेऊन जायची. तो खोलीत कधीच नसायचा. एखाद्या झाडाशी पाठ टेकून बसलेला, ओठ हलत असलेले. साचेखात्यातली माणसं गोंगाटात अशीच बोलायची, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. समोरचा ओठांवरून ओळखायचा. कचरू तसा बोलायचा, थांबायचा, मान डोलवायचा, परत बोलायचा. समोर कुणी नाही.

"कुणाशी बोलता हो?"

"आहेत ना सगळे." मग संताजीला पाणी घालायला आलेल्या द्वारकाबाईकडे पाहून तो सहज म्हणाला, "वहिनी, संताजी विचारतोय, निळी बंडी कुणाला दिलीस?"

द्वारकाबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. ती बंडी तिनं संताजी गेल्यावर भांडेवालीला दिली होती, एका पातेल्यासाठी, कुणाच्या नकळत. कचरू तेव्हा सुरतेत होता.

आणि त्याचं झाड वाळायला लागलं. बाकी सगळे निंब हिरवेगार, आणि हा एकटा पिवळा. रोज पाणी घालूनही बुंध्याशी पानांचा सडा. द्वारकाबाई कौसल्याच्या कानाशी लागली. "बाई, झाड राहील नाहीतर माणूस. दोन्ही नाही राहणार." कौसल्या खवळली. "तुझं तोंड काळं कर!" म्हणाली. पण त्या दुपारी पाणी घालताना नाव घ्यायला तिची जीभ उचलेना. जिवंत नवरा हाकेवर बसलेला, आणि त्याला मेलेल्यांत कशी हाक मारायची? तिनं मुकाट पाणी ओतलं. पाणी मातीत शिरलंच नाही. वरच राहिलं, उन्हात चमकत.

"घरी चला," ती त्याला म्हणाली. "जाऊ दे ते मैदान चुलीत. चला माझ्याबरोबर."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, लांबून पाहावं तसं. "आणि हे कुठे जातील गं सगळे?" तो म्हणाला.

सोमवारी साहेब आले. वस्ती गोळा झाली होती, सकाळी फिरायला येणारे कॉलनीतले लोकही होते. कौसल्या झाडागणिक नाव सांगत पुढे चालली होती, साहेब लिहून घेत होते. ते पिवळ्या झाडापाशी पोहोचले. "हा कोण?"

"माझे मालक. कचरू जॉबर. सुरतेला वारले."

तेवढ्यात फाटकाकडून ठेकेदार आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. कचरूचं बखोट धरून त्याला ओढत आणत होता. "लो साहब, ये रहा इनका मुर्दा! जीता-जागता! एक झूठा तो सब झूठे. जमीन हथियाने का नाटक है ये."

साहेबांचं पेन थांबलं. मजुरांनी मान वर केली. मशीनवरचा माणूस उगाच चढून बसला. धम्मपाल पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला, आणि द्वारकाबाईनं संताजीच्या बुंध्याला मिठी मारली, कुणी आत्ताच उपटून नेणार असल्यासारखी.

"बाई, खरं सांगा," साहेब म्हणाले. "हा तुमचा नवरा आहे का?"

कौसल्यानं कचरूकडे पाहिलं. त्यानं एक खूण करावी, नुसते ओठ हलवावेत, हो म्हण किंवा नाही म्हण, काहीतरी. तो त्या पिवळ्या झाडाकडे बघत होता. एक शब्द बोलली तर माणूस घरी येईल, संध्याकाळी तिच्या चुलीपुढे बसेल. आणि उद्या मशीन संताजीपासून सुरू करेल. ह्या बायकांनी मग नवऱ्याचं नाव घेऊन पाणी कुठं घालायचं?

"नाही," ती म्हणाली. "मी ह्यांना ओळखत नाही."

कचरूनं हलकेच ठेकेदाराचा हात सोडवला. "मी वाटसरू, साहेब. सावली बघून टेकलो होतो." मग तो कौसल्याकडे वळला. ह्याच वाटेच्या टोकाला, चाळीत, त्याचा जन्म झाला होता. आणि तो परक्या माणसाच्या अदबीनं म्हणाला, "बाई, सियागंजच्या बाजाराला कुठून जायचं?"

सगळे तिच्याकडे पाहत होते, ठेकेदार तर टक लावून. वाट विचारणाऱ्या परक्या माणसाला काय म्हणतात, ते म्हणणं भाग होतं.

"सरळ जा, भाऊ," ती म्हणाली.

कचरूनं मान डोलावली आणि चालू लागला. कडेच्या सगळ्या पट्ट्या एकदम हलल्या, वारा नव्हता तरी. तो सरळच गेला. साहेबांनी घसा खाकरला आणि पुढच्या झाडाचं नाव विचारलं. कौसल्यानं सांगितलं.