नदीला चेअरमन पाहिजे

आमच्या बीड जिल्ह्यात दोन माणसं एकत्र आली की संस्था निघते आणि तिसरा आला की निवडणूक लागते. आमच्या तर एका घरात दोन चेअरमन होते. नवरा वरल्या डेअरीचा, दीर खालच्या डेअरीचा. दुष्काळात गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत जाऊन बसली होती. दोन्ही डेअऱ्यांचं दूध मिळून एका सायकलवर मावलं असतं, पण चेअरमन काही एकावर भागत नव्हतं. जेवताना दोघांच्या मधे सासूबाई बसायच्या, नाहीतर पिठल्यावरूनही मतदान झालं असतं.

आमची नदी सिंदफणा. उन्हाळ्यात ती वर दिसायची नाही, वाळूच्या खाली असायची. आम्ही बायका वाळूत हातभर खड्डा करायचो, त्याला झिरा म्हणायचं. जरा दम धरला की तळाला पाणी जमायचं, ते नारळाच्या नरोटीनं हंड्यात भरायचं. झिऱ्यावर कायदा एकच, नंबर. रांगेत हंडा ठेवून बाई घरी गेली आणि भाकरी थापून परत आली, तरी नंबर तिचाच. हंड्यांवर नावं कोरलेली असायची. दुसरीचा हंडा कुणी सरकवलाच, तर त्याच्या खानदानाचा असा उद्धार व्हायचा की त्यानं आठवडाभर तोंड दाखवू नये. पुढारीसुद्धा त्या रांगेला वळसा घालून जायचे.

खालच्या अंगाची वाळू संपली तसे वाळूचे ट्रॅक्टर आमच्या गावाकडे सरकले. वाळू कमी झाली तसं पाणीही खाली गेलं. हातभर झिरा कमरेएवढा झाला, मग पुरुषभर. आत उतरायला अंगानं बारीक बाई लागायची आणि आमच्यात सगळ्यांत बारीक सासूबाई. त्या उतरायच्या आणि वर यायला आम्ही दोघीतिघी त्यांना ओढायचो. मला फार भीती वाटायची. वाळूच ती, कड ढासळली तर?

"आत्याबाई, तुमी नका उतरू," मी म्हणायचे.

"मंग टँकरमागं पळू का? ते वय न्हाई माझं."

नवऱ्याच्या डोक्यात एक चांगली गोष्ट आली. एकट्या गावानं ट्रॅक्टर थांबत नाहीत. वरच्या, खालच्या गावांना धरून सगळ्यांनी मिळून उठायला पाहिजे. पारावर बैठक बोलावली. दोन्ही डेअऱ्या आल्या, बचत गट, भजनी मंडळ, तरुण मंडळ, मेंढरंवाले धनगर, शेजारच्या दोन गावांची माणसं, सगळे आले. मला नवऱ्याचा अभिमान वाटला. तो नारळ फुटेपर्यंत टिकला.

नारळ फुटल्यावर कुणीतरी विचारलं, "समितीचा अध्यक्ष कोण?"

झालं. नदी राहिली बाजूला. नवऱ्याला वाटलं, कल्पना आपली. दिराला वाटलं, नदी खालच्या डेअरीच्या मागून जाते, म्हणजे ती आपली. दोन पॅनल पडले. एकाची निशाणी कपबशी, दुसऱ्याची छत्री. छत्री दुष्काळात कुणी आणि का निवडली, ते मी अजून विचारलेलं नाही. भजनी मंडळाला मत आहे की नाही यावर चार बैठका झाल्या. दोन्ही पत्रकांवर नदीचं चित्र होतं, हिरवे डोंगर आणि दुथडी भरलेलं पाणी. ती कुठली नदी होती देव जाणे, आमची तर नक्कीच नव्हती. प्रचाराच्या जेवणावळी टँकरच्या पाण्यावर उठत होत्या. आणि दिरानं प्रचाराला भोंगा बांधून जो ट्रॅक्टर फिरवला, तो सकाळी वाळू भरायचा आणि दुपारी 'वाळू वाचवा' म्हणून ओरडत गावातून हिंडायचा. ट्रॅक्टरवाल्याला दोन्हीकडून भाडं मिळत होतं, तो मात्र खुशीत होता.

अशाच एका सकाळी सासूबाई झिऱ्यात होत्या आणि कड सुटली. गुडघ्यापर्यंत वाळू आली. आम्ही त्यांना ओढून काढलं तेव्हा मी मोठ्यानं रडत होते. त्यांना काही झालं नव्हतं. त्यांनी लुगडं झटकलं, नदीत ट्रॅक्टर उतरायच्या वाटेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापून रांग हितं न्हाई. तिथं लावायची."

निरोप द्यायला पत्रक लागलं नाही. माझं माहेर खालच्या गावात, नणंद वरच्या गावात दिलेली. मधल्या शिवारात धनगरांच्या बायका मेंढरं घेऊन हिंडत होत्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उतारावर तिन्ही गावांचे हंडे आडवे लागले, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. बायका बाभळीखाली बसल्या.

ट्रॅक्टर आला. प्रचाराचा भोंगा तसाच बांधलेला. ट्रॅक्टरवाला खालच्या गावचाच होता. त्यानं हॉर्न दिला, मग उतरला.

"मावशे, हंडे काढा की."

"कावून? नंबर हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मला खाली जायचंय."

"मंग नंबर लाव. आमीबी रांगेतच हाव."

त्यानं चिडून समोरचा हंडा उचलला. त्यावर त्याच्या आईचं नाव होतं. ती बाभळीखालीच बसली होती. "ठीव खाली," एवढंच ती म्हणाली. त्यानं हंडा होता तिथेच ठेवला, अगदी कडेला कड लावून. मग सीटखालची पाण्याची कॅन काढून रांगेच्या शेवटी लावली आणि सावलीला जाऊन बसला.

आंदोलन झाल्याचं कळताच दोन्ही चेअरमन पळत आले. नवऱ्यानं विचारलं, "आंदोलनाचं नेतृत्व कुणाकडं हाय?"

"पयला हंडा माझा हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमी दोघं ट्रॅक्टरवाल्याच्या मागं."

दोघे हंडे आणायला घरी गेले. आयुष्यात पाणी आणलेलं नसल्यामुळे हंडे कुठे असतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी एकानं वरल्या डेअरीची दुधाची कॅन आणली, दुसऱ्यानं खालच्या डेअरीची. त्या दोन कॅन शेजारी उभ्या राहिलेल्या गावानं पहिल्यांदाच पाहिल्या.

पुढे रांग आळीपाळीनं तिन्ही गावांच्या उतारांवर लागत राहिली. तिन्ही ग्रामसभांनी वाळूच्या लिलावाला नाही म्हटलं आणि ट्रॅक्टर गेले. समितीची निवडणूक अजून व्हायची आहे.

पण मला आठवतो तो पहिलाच दिवस. नंबर सुरू झाला तशा सासूबाई सवयीनं झिऱ्याकडे निघाल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही चेअरमन पोरांकडे.

"उतरा रे," त्या म्हणाल्या.

पुरुषभर खड्डा दोघांनी मिळून आधी रुंद केला, मग दोघेही आत उतरले. बराच वेळ खालून खोरं वाजत होतं आणि एकमेकांना दिलेल्या सूचना ऐकू येत होत्या. मग सूचना बंद झाल्या. आतून एक हात वर आला, हातात नरोटी. तो नवऱ्याचा होता की दिराचा, चिखलामुळे मला ओळखता आलं नाही. सासूबाईंनी वाकून ती घेतली आणि पाणी हंड्यात न ओतता आधी मला प्यायला दिलं.