फ्लेव्हियाचे गुडघे आणि खाऱ्या माशाचं पाणी

फ्लेव्हिया माझ्यावर पहिल्यांदा खेकसली त्याला अकरा वर्षं झाली. मी तिच्या पाटीतली मांदेली उलटीपालटी करून बघत होते. ती म्हणाली, "साडी निवडतेस काय?" दुसऱ्या दिवशी मी परत तिच्याकडेच गेले, कारण अख्ख्या गल्लीत ताजे मासे तिच्याकडेच असायचे.

ती तारोडी गावची. रोज सकाळी रिक्षातून पाट्या घेऊन आमच्या पूनम सागर सोसायटीच्या मागच्या गल्लीत येते. तिची बसायची जागा कोपऱ्यावर होती, भिंतीच्या सावलीत. गल्लीत शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्यापुढे यायचं. ही जागा तिच्या सासूची. सासूनं ती आपल्याला देऊ केली होती, असं तिची धाकटी जाऊ ॲलिस म्हणायची. ॲलिस त्याच गल्लीत पार टोकाला, गटाराशेजारी बसायची. दहा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं झालं की आम्हा गिऱ्हाइकांच्या तोंडून. "त्या बाईला सांग, तिचं पाणी इकडे येतंय," असं ॲलिसनं म्हणायचं आणि मी पिशवी घेऊन चार पावलं चालत जाऊन ते सांगायचं.

त्या बायकांचा आपसातला एक नियम होता. जिची जागा, तिनं स्वतः बसायचं. पंधरा दिवस जागा रिकामी राहिली, तर दुसरी सरकून बसते आणि मग तिला कोणी उठवत नाही. सूट फक्त जून-जुलैची. होड्या बंद असतात, तेव्हाचे दिवस धरत नाहीत.

पन्नाशी उलटल्यावर फ्लेव्हियाचे गुडघे गेले. वीस-पंचवीस वर्षं उकिडवं बसून, पायाखाली विळी दाबून मासे कापलेले. ॲलिसची पाठ वळली की मगच ती भिंतीला धरून उठायची. हे मला कळलंय हे तिला कळलं, तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. पण फेब्रुवारीत डॉक्टरकडे जाताना सोबतीला मलाच घेऊन गेली. डॉक्टर कौस्तुभ यांनी एक्स-रेचा फोटो दाखवला. गुडघ्यातली गादी झिजून हाडाला हाड लागलं होतं. वांधा उजव्या गुडघ्याचा जास्त, तो बदलायला हवा म्हणाले. तिनं आधी भांडून घेतलं, मग जूनचा पहिला आठवडा ठरवला. जुलैअखेर उभं राहायचं, ऑगस्टला होड्या सुटल्या की जागेवर हजर. ॲलिसला पत्ता लागायचा नाही.

मार्चमध्ये आमच्या मजल्यावरच्या संचितानं घोळ घातला. ती घरबसल्या पौष्टिक पावडरी विकते. तिनं फ्लेव्हियाला डबा दाखवून सांगितलं, "आंटी, यात कोलॅजन पेप्टाइड आहेत, प्रथिनाचे बारीक तुकडे. ते गुडघ्याला सिग्नल देतात, नवीन गादी बनव म्हणून."

"माझ्या घरात माझं कोन ऐकत न्हाय," फ्लेव्हिया म्हणाली, "हाड ऐकणार?"

पण तिनं विचारून घेतलं, हे बनतं कशापासून. माशाच्या कातडीपासून आणि खवल्यांपासून, असं संचिता बोलून गेली. तिथंच फ्लेव्हियाचा चेहरा बदलला. खवले तर ती रोज पाटीभर फेकत होती. डबा परत संचिताच्या हातात देत तिनं तिला लुटारू म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरीच औषध उकळायला घेतलं. तेही ताज्या माशाचं नाही. ओल्या माशात निम्मं पाणीच असतं, जोर वाळलेल्यात, हे तारोडीत लहान मूलही सांगेल. आणि पावडर म्हणजे तरी काय, सुकवलेलंच. म्हणून तिनं खारवलेल्या सुरमईची कातडी न् डोकी घेतली, मीठ धुऊन टाकलं नाही. जोर निघून जाईल ना. त्याचं उकळलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ ग्लासभर प्यायची.

मला तिनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी विचारलं, अगं, त्यात मीठ किती?

"मला मासा शिकवतेस?" ती म्हणाली.

मी मासे घेऊन घरी आले. तेव्हाच हट्ट धरायला हवा होता.

जूनमध्ये तिला दाखल करून घेताना नर्सनं दोनदा रक्तदाब मोजला, मग डॉक्टरांना बोलावलं. पाय सुजलेले, वरचा आकडा एकशे नव्वद. काय घेता म्हणून विचारलं, तर ती "काय न्हाय" म्हणाली. शेवटी मीच सांगितलं. फ्लेव्हियानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ॲलिसचीच माणूस होते.

कौस्तुभ चिडलेच. म्हणाले, पेप्टाइड सिग्नल देतात हे खोटं नाही, पण तुमच्या गुडघ्यात आधीच उलटे निरोप चाललेत. गादीचे तुटलेले तुकडेच शेजारच्या पेशींना चिथावतात, अजून तोडा म्हणून. नसांच्या टोकांतून दुसरी पेप्टाइडं सुटतात, त्यानं सूज आणि कळ दोन्ही वाढतात. तोंडानं घेतलेलं बरंचसं पोटात पचून जातं. काहींना दुखणं जरा कमी वाटतं, एवढंच. गेलेली गादी त्यानं परत आल्याचा पुरावा नाही.

"आणि तुमच्या ग्लासात," ते म्हणाले, "पेप्टाइडपेक्षा मीठच जास्त होतं."

ऑपरेशन पुढे ढकललं. गोळ्या, पथ्य, परत तपासणी, यात जून गेला, जुलै गेला. तारीख मिळाली ती ऑगस्टच्या मध्यावर. तोवर होड्या समुद्रात गेल्या होत्या आणि दिवस धरायला सुरुवात झाली होती.

नोव्हेंबरच्या शेवटी ती काठी टेकत गल्लीत आली. गुडघा छान झाला होता, पण खाली बसायला आता कायमची बंदी. कोपऱ्यावर ॲलिस बसली होती. मी तिथंच होते.

ॲलिस माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या बाईला सांग, होड्या सुटल्यापासून मी बसतेय."

मला सांगायची गरज पडली नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा फ्लेव्हिया सरळ तिच्याशी बोलली. "उठ."

"आईनं मला शब्द दिलावता," ॲलिस सासूचा दाखला देत म्हणाली.

दोघींनी चंपाकडे पाहिलं. चंपा तिथली सगळ्यात जुनी विकणारी. फ्लेव्हियानं तिला आजवर कधी धड उत्तर दिलं नव्हतं. चंपा कोळंबी सोलता सोलताच म्हणाली, "पंधरा दिवस कवाच भरले." बाकीच्या बायकांनी आपापल्या गिऱ्हाइकांना भाव सांगायला सुरुवात केली. कोणी फ्लेव्हियाच्या बाजूनं बोललं नाही. तिनंही कधी कोणाच्या बाजूनं तोंड उघडलं नव्हतं.

आठवड्यानं फ्लेव्हियानं गटाराशेजारी एक उंच टेबल मांडलं. उभ्यानं विकते. त्या सकाळी मी गल्लीत शिरले तर दोघी माझ्याकडेच बघत होत्या. मी ॲलिसच्या पाटीसमोर थांबले नाही. ती मागून काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

फ्लेव्हिया म्हणाली, "आज तिच्याकडचे बोंबील ताजे हायत. हितून दिसतंय मला. तू माझेच घे."

मी घेतले. पायाखालच्या विळीची सवय असलेल्या त्या हातांतून टेबलावर सुरीपुढे बोंबील निसटत होते. सहा बोंबील कापायला तिला भलताच वेळ लागला. मी घरी नेऊन कापीन, असं मी म्हणू शकले असते, पण ती कापेपर्यंत पिशवी धरून उभी राहिले.