सुई लागू पडेना
प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास आला की मला भिलाईचं ते पत्र्याचं हॉस्पिटल आठवतं. पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. भट्टीच्या पायाचं काम करताना बाबांच्या पायात सळई घुसली आणि जखम चिघळली. पेनिसिलिन देऊनही ताप हटेना. त्यांच्या कपाळावर ओला पदर धरून आईनं डॉक्टरांना विचारलं, "सुई तर रोज देऊन राहिले, मंग ताप कावून उतरत नाही?" डॉक्टर हळूच म्हणाले, "जंतूंवर हे औषध चालेनासं झालंय, बाई." त्याच आठवड्यात बाबा गेले. पुढे मी रसायनशास्त्राची प्राध्यापक झाले, जन्मभर त्याच जंतूंच्या मागे लागले. थकलेल्या आईनं एकदाच विचारलं, "आता असते तर वाचले असते काय वं?" मला हो म्हणता आलं नाही; ते जंतू आता नव्या औषधांनाही पुरून उरत होते.