तीन पाट्यांवरचे भाव

माझी नात हायस्कूलला इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवते. परवा म्हणाली, "आबा, नववीला भाव-बाजाराचा धडा आहे. पोरं पाठ करतात, पण डोक्यात काही शिरत नाही. तुम्ही एक दिवस वर्गात येऊन जुन्या बैलबाजारात भाव कसा ठरायचा ते सांगा ना." मी गुडघ्यावर ढकललं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण नाही म्हणायचं कारण ते नव्हतं. ती रुसली. मला तोंडानं सांगवेना म्हणून तिच्यासाठी लिहितोय.

मी दुसरीपर्यंत शिकलो. निजामाचं राज्य, शाळा उर्दूतनं, आणि आमच्या घरात उर्दूचं अक्षर कुणी बघितलेलं नव्हतं. आकडे तेवढे आले, बाकी छडीच पदरात पडली; मराठी अक्षरं फार पुढं नातीच्या पाटीवर गिरवली. पाटी टाकली आणि चुलत्याच्या मागं बैलबाजारात गेलो. चुलता दलाल होता. विसाव्या वर्षी मीही झालो. आमच्या तालुक्याचा बाजार, नळदुर्गचा बाजार, सोनारीची जत्रा, जिथं जनावर उभं राहील तिथं मी हजर. दातावरनं बैलाचं वय सांगायचो आणि डोळ्यावरनं माणसाची गरज. शिकलेल्या माणसाला मी कमी लेखायचो. थोडं अजून लेखतो, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी जनावराचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरायचा. एक बोट म्हणजे दहा रुपये, अर्धं बोट म्हणजे पाच, सगळा पंजा म्हणजे पन्नास. आधी विकणाऱ्याची बोटं, मग घेणाऱ्याची. दोघंही आपसात बोलायचे नाहीत. भाव उघडा केला तर बैलाला दृष्ट लागते म्हणायचे. दृष्ट कसली, दलालाची सोय होती ती. विकणाऱ्याला एक बोट कमी, घेणाऱ्याला एक बोट जास्त, मधलं आपलं. वर दोघांकडनं दलाली घ्यायचीच. हे सगळे करायचे असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. सगळे करत नव्हते. माझा चुलता करत नव्हता.

आमच्या तालुक्याच्या शाळेत बीदरकडचे एक मास्तर आले. मुसलमान, किडकिडीत, काळ्या शेरवानीला कोपरावर रफू. वरच्या वर्गाला बाजार, भाव, पेठ असलं शिकवायचे. पण शिकवायची तऱ्हा निराळी. बाजाराच्या आदल्या दिवशी पोरांना विचारायचे, उद्या जवारी सकाळी महाग का सांजच्याला? पोरं म्हणतील ते फळ्यावर लिहायचे. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग बाजारात. एकानं सकाळी भाव विचारायचा, एकानं दुपारी, एकानं दिवस कलताना. मग लिंबाखाली बसवून विचारायचे, सांजच्याला उतरली ती का उतरली? एक पोरगं म्हणालं, पोतं पाठीवर घेऊन परत कोण जातंय? त्यावर मास्तर इतके खूश झाले की त्यांनी त्या पोराला भजी खाऊ घातली. त्यांची एकच शिस्त होती, एक गोष्ट तीन जणांना विचारायची. मला हे सगळं ठाऊक होतं. मी दर बाजाराला बघून हसायचो.

थोरल्या मास्तरांना, म्हणजे हेडमास्तरांना, हे पसंत नव्हतं. त्यांनी वर कळवलं की वर्ग उनाडतो आहे. मग तालीमवाले, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब जिल्ह्याहून बघायला येणार असं ठरलं. मास्तर माझ्याकडं आले.

"मियाँ, अगले बाजार को बडे साब आ रहे. उनको पसंद आया तो ये बाजार का मदरसा चलता. नै तो बंद."

"मग म्या काय करू?"

"एक सौदा दिखाव. रुमाल का. बाद में पोट्ट्यां को समजाव, भाव कैसा चढा, कैसा ठैरा. ये चीज किताब में नै है. मेरे को बी नै आती."

शिकलेला माणूस मला म्हणतो, मला येत नाही, तू शिकव. माझी छाती फुगली. "दाखवतो की," म्हणालो, "पर तुमच्या साहेबाला म्हणावं, पगार माझ्या नावानं लावा."

"हौ," ते हसून म्हणाले, "पेन्शन बी."

बाजार भरला. साहेब खुर्चीवर, बाजूला थोरले मास्तर, समोर पोरं पाट्या घेऊन उभी. बैल ढोकीकडच्या एका म्हाताऱ्याचा होता. जोडीतला एक मेला म्हणून दुसरा विकायला आणलेला. गिऱ्हाईक आळंदच्या बाजूचा लिंगायत शेतकरी, त्याला कानडीशिवाय काही येत नव्हतं. दोघांमध्ये मी. मी रुमाल झटकला, अंमळ जास्तच झटकला. म्हाताऱ्याची बोटं धरली, सोडली, परत धरली. मग कानडीवाल्याची. बैलाची शेपटी उचलली, पाठीवर थाप मारली. पोरं डोळे फाडून बघत होती. साहेबसुद्धा पुढं वाकले. म्हाताऱ्याला नव्वद दिले, गिऱ्हाइकाकडनं शंभर घेतले. त्या दिवशी हे करायचं असं मी ठरवलं नव्हतं. हाताला सवय होती. माझ्याजवळ उभ्या केलेल्या पोराचा हात रुमालाखाली घेऊन मी त्याला पंच्याण्णवची बोटं दिली. मधला आकडा, कुणाच्या कानी गेला तरी निभावून नेता येईल असा.

मास्तरांनी एक पोरगं म्हाताऱ्याजवळ उभं केलंय आणि एक गिऱ्हाइकाजवळ, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गिऱ्हाइकाजवळचं पोरगं मुद्दाम कानडी घरातलं निवडलं होतं. शाळेच्या पोरापासून भाव कोण लपवतो? दोघांनी सांगितला.

तिन्ही पोरांनी पाट्या वर केल्या. उर्दूतले आकडे काय ते मला येत होते. नव्वद, पंच्याण्णव, शंभर.

साहेब म्हणाले, "एक बैल, तीन भाव? ये कैसा?"

मास्तर माझ्याकडं वळले. त्यांना तेव्हाच कळलं होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी हळूच म्हणाले, "सच्चा कौनसा, मियाँ? तुम बोलो."

भोवती सगळा बाजार गोळा झालेला. म्हातारा दहा हातांवर, गलक्याबाहेर पाठमोरा, मुंडाशात पैसे बांधत होता; गिऱ्हाईक बैल घेऊन निघालेलं.

मी म्हणालो, "पोरं चुकली, साहेब. पंच्याण्णव खरा. ह्या मास्तरला बैल कुठला अन् गाय कुठली ते कळंना, ते पोरास्नी काय शिकिवणार?"

बाजार खदखदून हसला. थोरले मास्तरही हसले. कानडी घरातलं ते पोरगं पुढं आलं. "न्हाय साब, त्यानं शंभरच सांगितलं. म्या दोन डाव विचारलं." थोरल्या मास्तरांनी त्याच्या कानाखाली लावली, मोठ्यांच्या मध्ये बोलतो म्हणून. पोरगं रडलं नाही. पाटी छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिलं.

"तो फिर सीखे क्या ये बच्चे?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी वळून म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्याला नुसती हाक मारायची होती. "बाबा, किती मिळाले?" एवढं विचारलं असतं की त्यांची शाळा खरी ठरली असती आणि लोकांनी मला तिथंच तुडवला असता. त्यांनी हाक मारली नाही. "चूक हमारी है, साब," म्हणाले, आणि त्या कानडी पोराच्या हातातनं पाटी घेऊन स्वतःच्या बाहीनं पुसली.

साहेब उठून गेले. पोरांची रांग शाळेकडं निघाली. मास्तर माझ्याजवळ थांबले. मी आधीच ताठ झालो, भांडायला. ते एवढंच म्हणाले, "उस बुढ्ढे के दस उसको पोंचा देव, मियाँ. अब्बी दूर नै गया."

म्हातारा वेशीपर्यंतच गेला होता. मी गेलो नाही. पैसे परत करायचे म्हणजे कबूल करायचं, आणि कबूल करणं माझ्या रक्तात नाही. पुढच्या हंगामात तो म्हातारा दुसरं जनावर घेऊन माझ्याकडंच आला. "तुमच्याबिगर कुणाच्या हातात बोटं देत न्हाय," म्हणाला. त्याला मी चोख भाव दिला. जुने दहा दिले नाहीत.

त्या दिवसानंतर पोरं बाजारात दिसली नाहीत. पहिले दोन बाजार बरं वाटलं. तिसऱ्या बाजाराला लिंबाखाली कुणीतरी शेळ्या बांधल्या होत्या, आणि माझं रुमालात लक्ष लागेना. महिन्याभरानं मी शाळेकडं गेलो. थोरल्या मास्तरांना गाठून सांगायचं, शंभर खरा होता, पोरगं खरं बोललं, पुढचं बघून घेऊ. वाटभर तोंडात घोळवत गेलो.

वर्गाच्या खिडकीशी पोचलो तर आतून एका सुरात आवाज येत होता. "बाजार उस जगह को कहते हैं, जहाँ चीजें खरीदी और बेची जाती हैं." परत तेच. परत तेच. मास्तर पुस्तक धरून खुर्चीत बसले होते. कानडी पोरगं खिडकीशीच होतं. त्यानं मला बघितलं, मान खाली घातली आणि सगळ्यांबरोबर म्हणू लागलं.

मास्तर बाहेर आले. "क्या काम, मियाँ?"

थोरल्या मास्तरांची खोली दहा पावलांवर होती, दार उघडं होतं.

"काय न्हाय," मी म्हणालो. "पाणी पाजा."

त्यांनी रांजणातनं तांब्या भरून आणून दिला. मला तहान नव्हती, तरी सगळा प्यालो. पिऊन होईस्तोवर ते उभे राहिले.

"और होना?"

"नको."

त्यांनी तांब्या घेतला, आत गेले आणि पुस्तक उघडलं. मी घराकडं निघालो. वळणापर्यंत पोरांचा आवाज येत होता.